मास्तरांचा उजवा पाय

आमच्या मास्तरांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली आणि उरलेल्या अर्ध्याला रस्त्यातून बाजूला व्हायला शिकवलं. हे मी कौतुकानं सांगत नाही. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलला लागून माझं चष्म्याचं दुकान आहे आणि मधली भिंत पातळ आहे. "क्लच सोड, हळू सोड" हे ऐकत मी इतकी वर्षं लोकांचे नंबर काढले, की एकदा तक्त्यावरची अक्षरं वाचणाऱ्या बाईंना मी "आता आरशात बघा" म्हणालो. त्यांनी बघितलं, वर केसही नीट केले.

स्कूल म्हणजे एक खोली. एक टेबल, त्यावर खेळण्यातल्या चार गाड्या, खडूनं आखलेला चौक आणि भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा पिवळा पडलेला तक्ता. बाहेर ती प्रसिद्ध शिकाऊ गाडी, जिच्यात शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. मास्तरांचं सगळं आयुष्य त्या दुसऱ्या ब्रेकवर गेलं.

त्यांची पद्धत अशी. विद्यार्थी तयार झाला की नाही हे ते डोक्यानं ठरवत नसत, उजव्या पायानं ठरवत. ज्या दिवशी बाजारापासून टेकडीपर्यंतच्या पूर्ण फेरीत त्यांचा पाय एकदाही ब्रेकवर गेला नाही, त्या दिवशी ते खाली उतरून म्हणत, "पाय निवांत होता. जा, परीक्षा दे." असा विद्यार्थी हमखास पास व्हायचा. पण काहींच्या नशिबी ते वाक्य आलंच नाही. त्यांपैकी एक मी. माझ्या शेजारी बसले की मास्तरांचा पाय शिलाई मशीनवर ठेवल्यासारखा चालायचा. शेवटी मी नाद सोडला आणि सायकल घेतली. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे, आणि तो मी वेळोवेळी बोलूनही दाखवतो.

बरं, पाय फक्त गाडीत चालत असता तर गोष्ट वेगळी. मास्तर न्हाव्याच्या खुर्चीत ब्रेक लावतात. बसमध्ये लावतात, रिक्षात लावतात. माझ्याकडे डोळे तपासायला बसले आणि मी भिंग जवळ आणलं, तरी खाली खुर्चीच्या पट्टीवर खट्ट आवाज येतो.

त्यांची लेक, जिला सगळे विद्यार्थी ताई म्हणतात म्हणून आम्हीही ताईच म्हणतो, बापाहून चांगली शिकवते. गेल्या काही वर्षांत बहुतेक फेऱ्या तीच घ्यायची. अडचण एवढीच की ती ब्रेकच्या सीटवर बसली की मास्तर मागच्या सीटवर जाऊन बसायचे आणि खोकायचे. "बाबा खोकले की शिकणारा ब्रेक लावतो, मी ब्रेक लावते, आणि मागची बस हॉर्न लावते," असं ती हसत सांगायची. मग हळूहळू हसणं कमी झालं.

एका संध्याकाळी, मी आणि समोरचा बेकरीवाला मास्तरांकडे चहाला बसलो असताना, तिनं तो विषय काढला. दुसऱ्या शहरातल्या एका बस कंपनीनं तिला नवे ड्रायव्हर तयार करायच्या कामावर बोलावलं होतं. "मला जायचं नाहीये, बाबा," ती म्हणाली. "पण हे असंच चालणार असेल तर मी जाईन. तुम्ही एक आठवडा बाहेर जा. फोन माझ्याकडे ठेवा. परत आलात की त्या सीटवर एकच माणूस बसेल, मी किंवा तुम्ही. कोण ते तुम्हीच ठरवा."

मास्तर खेळण्यातली एक गाडी चौकातून नीट वळवत राहिले. मास्तरीणबाई गेल्यापासून घरात ती दोघंच. ताई गेली तर मास्तरांकडे ती खोली, तो ब्रेक आणि पातळ भिंतीपलीकडचा मी, एवढंच उरणार होतं. मी काही फार मोठी मिळकत नाही, हे मला ठाऊक आहे.

सहल ताईनंच ठरवली. गरम समुद्र, छोटी छोटी बेटं, आणि त्यांच्यामधून फिरणारी शिडाची बोट. "रस्ताच नसलेली जागा शोधली," ती म्हणाली. सोबत आम्ही दोघं, म्हणजे मी आणि बेकरीवाला. बेकरीवाल्याचं सांगायचं तर तो पहाटे भट्टी पेटवणारा माणूस, त्यामुळे दुपारी जिथे टेकेल तिथे झोपतो. निघायच्या आदल्या दिवशी ताई माझ्या दुकानात आली, काचेवरचे चष्मे उगाच सरळ केले आणि म्हणाली, "काका, तुम्ही फक्त बघा. बाबा नुसते बसू शकतात का, एवढंच मला सांगा. खरं सांगा."

बोट दिसायला सुरेख होती. पांढरी, मधे उंच डोलकाठी, मागे सुकाणूचा लाकडी दांडा, आणि पुढे तीन-चार पायऱ्या उतरून छोटीशी केबिन. बोटीची मालकीण आणि कप्तान एकच, ताईच्याच वयाची एक काळीसावळी, तुटक बोलणारी मुलगी. आम्ही तिला कप्तानबाई म्हणू लागलो, ती आम्हा तिघांना सरसकट काका. तिनं पहिल्याच दिवशी समजावलं, "दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे जाते. उलटं असतं, लक्षात ठेवा."

मास्तरांनी तिच्याकडे दयेनं पाहिलं. "आणि थांबवायची कशी?"

"थांबत नाही, काका. वाऱ्याकडे तोंड केलं की हळू होते."

"म्हणजे ब्रेक नाही."

"नाही."

मास्तर माझ्याकडे वळले. "हिला परवाना कोणी दिला?"

पहिला दिवस भयंकर गेला. वारा शिडात भरला की बोट एका अंगावर कलायची, आणि कलली की मास्तरांचा उजवा पाय फळीवर आपटायचा. कप्तानबाईनं दोनदा वाकून काय पडलं म्हणून पाहिलं. संध्याकाळी एका बेटाशी नांगर टाकला तेव्हा आम्ही पाण्यात उतरलो. पाणी इतकं स्वच्छ की कमरेएवढ्या खोलीतही पायाची नखं दिसत होती. मी चष्मा काढून पाण्याखाली पाहिलं, मला फक्त रंगीत ठिपके हलताना दिसले, आणि तेवढ्यावरही मी खूश होतो. बेकरीवाला नारळाच्या सावलीत झोपला, सावली सरकली, हा सरकला नाही, आणि त्याचा डावा अर्धा भाग भट्टीतल्या पावासारखा खरपूस झाला. मास्तर पोहत होते, पण वळताना हात बाहेर काढून खूण करत होते.

दुसऱ्या दिवशी मात्र चमत्कार झाला. ऊन फार म्हणून मास्तर केबिनमध्ये उतरले. तिथे एक बाक होता, बाकासमोर रुंद काच, काचेतून सगळा समुद्र समोर. गाडीतल्यासारखंच. मास्तर तिथे बसले ते बसलेच. बोट कलली, मी वरून डोकावून पाहिलं, तर मास्तर शांत. पुन्हा कलली, मास्तर शांत. चेहऱ्यावर एखादी अवघड फेरी चांगली चालल्याचं समाधान.

"बरं वाटतंय का?" मी विचारलं.

"इथे ठीक आहे," ते म्हणाले. "इथे पकड आहे."

कसली पकड ते मी विचारलं नाही. मला इतका आनंद झाला होता की खोलात जायची भीती वाटली. बेकरीवाला त्याच केबिनमध्ये पलीकडच्या बाकावर झोपला होता. मधेच डोळे न उघडता त्यानं विचारलं, "पाऊस येतोय का?" मी म्हटलं, लख्ख ऊन आहे. तो म्हणाला, "मग पाण्याचा आवाज कसला?" मी म्हटलं, अरे, आपण समुद्रात आहोत. त्याला ते पटलं आणि तो पुन्हा झोपला. दिवसभर मी मनातल्या मनात ताईशी बोलत होतो, की पोरी, तुझा बाप बसतोय, अगदी छान बसतोय, तू त्या कंपनीला नाही म्हणून टाक.

संध्याकाळी एका उथळ खाडीत नांगर टाकल्यावर कप्तानबाई चहा करायला खाली गेली. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, "पाणी नाहीये." टाकी काल काठोकाठ भरली होती. तिनं फळ्या उचलून तळ पाहिला, नळ्या चाचपल्या, गळती कुठेच नव्हती. आम्ही सगळे केबिनमध्ये दाटीनं उभे. तेवढ्यात लांबून एक मोठी लाट आली, बोट हलली, आणि बाकावर बसलेल्या मास्तरांचा उजवा पाय पुढे गेला.

फुस्स, असा आवाज आला. सगळ्यांनी खाली पाहिलं.

बाकाला लागूनच भांडी धुण्याचं बेसिन होतं, आणि त्याच्याखाली, बरोबर मास्तरांच्या पायाशी, एक पायडल. ते पायानं दाबलं की टाकीतलं गोडं पाणी नळाला येतं आणि बेसिनमधून समुद्रात जातं. मास्तरांनी दिवसभर बोट कलली की ब्रेक लावला होता. आमचं प्यायचं सगळं पाणी त्यांनी ब्रेक लावून लावून समुद्रात सोडलं होतं.

"मला वाटलं..." मास्तर म्हणाले आणि थांबले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी दाबलं की ती सरळ व्हायची."

बेकरीवाला म्हणाला, "मी पाऊस म्हणत होतो की नाही?" आणि हसत सुटला. कप्तानबाई आधी रागावली, मग तिलाही हसू आवरेना. मीही हसलो, हसून हसून पोट दुखलं. पण हसता हसताच मला ताई आठवली. तिनं खरं सांगा म्हटलं होतं. खरं हे होतं की मास्तर बसलेच नव्हते. त्यांना फक्त दुसरा ब्रेक सापडला होता. आणि हे त्यांनाही कळलं होतं, कारण ते एकटेच हसत नव्हते.

बाटल्यांमधलं थोडं पाणी होतं त्यावर आमचं निभावलं. सकाळी कप्तानबाई म्हणाली की पाणी भरायला जवळच्या बेटावरच्या वस्तीत जावं लागेल. वस्तीसमोर प्रवाळाचे खडक होते आणि त्यांच्यामधून एक अरुंद वाट. ती वाट नकाशावर बघून कळत नाही, पाण्याच्या रंगावरून ओळखावी लागते. म्हणून तिला बोटीच्या नाकावर उभं राहावं लागणार होतं. शिडं उतरवून इंजिन अगदी मंद ठेवायचं, आणि मागे सुकाणूवर दुसऱ्या कोणीतरी बसायचं. एरवी असा प्रसंग आला की ती वस्तीतल्या माणसाला होडीतून बोलावते, पण त्या सकाळी किनाऱ्यावर कोणीच दिसत नव्हतं.

"तुमच्यापैकी गाडी कोणाला येते?" तिनं विचारलं.

मी आणि बेकरीवाला, दोघांनी मास्तरांकडे पाहिलं. कप्तानबाईनंही पाहिलं. तिनं विचार केला आणि सरळच विचारलं, "काका, दांडा तुमच्या हातात दिला तर मी सांगेन तसं कराल? मी डावीकडे म्हटलं आणि तुम्हाला उजवीकडे वाटलं, तर?"

मास्तरांच्या जागी दुसरा कोणी असता तर हो म्हणाला असता. मीसुद्धा म्हणालो असतो. मास्तरांनी त्या दांड्याकडे पाहिलं. त्यांना तो हवा होता, इतका हवा होता की त्यांची बोटं आपोआप वळली होती.

"नाही," ते म्हणाले. "मला वाटेल तेच करीन मी." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "याला द्या. हा ऐकतो. आयुष्यभर माझं ऐकत आलाय."

मी म्हटलं, "मास्तर, मला तुम्ही परीक्षेलासुद्धा बसू दिलं नाहीत."

"माहीत आहे," ते म्हणाले. "बस."

मी बसलो. दांडा दोन्ही हातांनी धरला. मास्तर माझ्या शेजारी बसले, सवयीनं, बरोबर त्याच बाजूला. तेवढ्यात बेकरीवाल्यानं, जो आयुष्यात पहिल्यांदाच दिवसाउजेडी पूर्ण जागा होता, समुद्राचं पाणी भरलेली एक बादली आणून मास्तरांसमोर ठेवली. "उजवा पाय यात," तो म्हणाला. "फळीवर आपटलात तर हा दचकेल. पाण्यात काय दाबायचं ते दाबा." मास्तरांनी निमूटपणे चप्पल काढली आणि पाय बादलीत ठेवला.

कप्तानबाई पुढे उभी राहून हातानं खुणा करू लागली. उजवा हात, थोडं उजवीकडे. दोन्ही हात पुढे, सरळ. दोन्ही बाजूंना पाण्याखाली तपकिरी खडक दिसत होते, माझ्या नंबरच्या चष्म्यातून तर फारच चांगले दिसत होते. आणि माझ्या शेजारी एकसारखा आवाज येत होता. छपाक. जरा थांबून पुन्हा छपाक. प्रत्येक छपाक म्हणजे माझ्यावर लावलेला एक ब्रेक, हे मला नको तितकं समजत होतं. पण खोकला आला नाही. शब्दही आला नाही.

वाट अगदी अरुंद झाली तिथे कप्तानबाईचा डावा हात झटकन वर गेला. डावीकडे. मी घाबरून दांडाच डावीकडे ओढला, आणि बोटीनं नाक उजवीकडे, थेट खडकाकडे वळवलं. उलटं असतं, लक्षात ठेवा, असं तिनं सांगितलं होतं आणि मी नेमकं तेच विसरलो होतो. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला मास्तरांचा हात वर येताना दिसला. तो दांड्याच्या अगदी जवळ आला. मला, खरं सांगतो, त्या क्षणी तो हात हवा होता. घ्या आणि सोडवा मला, असं वाटलं.

हात तिथे थांबला आणि मागे गेला. मास्तरांनी तो स्वतःच्या मांडीखाली दाबून धरला. मग दुसराही.

कोणी वाचवायला येत नाही हे कळल्यावर माझं डोकं चालू झालं. मी दांडा उजवीकडे ढकलला. बोट अनिच्छेनं फिरली, खडक बाजूनं सरकत मागे गेला, आणि वाट मोकळी झाली. वस्तीच्या धक्क्याला लावलेल्या जुन्या टायरांना आम्ही धाडकन लागलो. बेकरीवाला खाली पडला, पण जागा होता.

माझा जीव भांड्यात पडला. मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि बादलीत ओंजळभरसुद्धा पाणी उरलं नव्हतं.

"पाय निवांत नव्हता," मी म्हटलं.

"नव्हता," मास्तर म्हणाले. "सारखा दाबत होतो." मांडीखालचे हात त्यांनी हळूहळू बाहेर काढले, त्यांवर फळ्यांचे वळ उठले होते. "तरी तू आणलीस." त्यांनी पाय बादलीतून बाहेर काढला. "माझा पाय कोणासाठी कधी निवांत व्हायचा नाही असं दिसतंय. आणि मी उगाच लोकांना दोष देत बसलो."

टाकी भरेपर्यंत मी वस्तीतल्या दुकानातून ताईला फोन केला. पाण्याचं सांगितलं, ती पोट धरून हसली. मग बाकीचं सांगितलं.

"हात मांडीखाली?" तिनं विचारलं.

"दोन्ही."

"बरं," ती म्हणाली. "मी घ्यायला येते." नोकरीचं ती काहीच बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

परतलो तेव्हा बंदराबाहेर तीच शिकाऊ गाडी उभी होती. ताई चालकाच्या सीटवर, शेजारची सीट रिकामी. तिच्यापुढे तो ब्रेक, वापरून वापरून चकचकीत झालेला. मास्तर सवयीनं त्याच दाराशी गेले, दार उघडलं, आत पाहिलं. ताई समोरच्या काचेतून बाहेर बघत होती, पण स्टिअरिंगवरची तिची बोटं घट्ट झाली होती. मास्तरांनी आपली पिशवी त्या सीटवर ठेवली, दार लावलं आणि मागे येऊन माझ्या आणि बेकरीवाल्याच्या मधे बसले.

"त्या कंपनीला कळवलंस का?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"मग नाही म्हणून कळव. पिशवी आहे ती फक्त इथून घरापर्यंत. उद्या सकाळपासून त्या सीटवर तू."

"आणि तुम्ही मागे बसून खोकणार."

"मी गाडीतच बसणार नाही. मी चष्म्याच्या दुकानात बसेन." माझं मत कोणी विचारलं नाही.

ताईनं गाडी सुरू केली. बेकरीवाला दुसऱ्या वळणाच्या आतच झोपला. बाजारापाशी एक स्कूटरवाला गल्लीतून एकदम पुढ्यात आला, आणि मास्तरांचा उजवा पाय माझ्या डाव्या पायावर असा दाबला गेला की डोळ्यांत पाणी आलं. ताईनं गाडी आधीच थांबवली होती. तिनं आरशातून मागे पाहिलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते, तोंड घट्ट मिटलेलं, हात मांडीखाली. मी तिच्याकडे पाहून सगळं ठीक आहे अशी मान हलवली.

घर येईपर्यंत मी पाय काढला नाही.